दोन दिवसांत ‘फॉरेस्ट थेरपिस्ट’? मग माणूस कोसळला की सांभाळणार कोण?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण मुळशी-मावळ-भोर पट्ट्यात ज्यांचं येणंजाणं आहे, ज्यांचा होमस्टे आहे, किंवा ज्यांच्या घरातलं कुणी सध्या मनाने खचलेलं आहे, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

हल्ली इन्स्टा उघडलं की एक जाहिरात हटकून समोर येते. धुक्यातलं जंगल, पांढऱ्या कपड्यांतली माणसं, झाडाला मिठी, मागे बासरी. ‘फॉरेस्ट बाथिंग रिट्रीट’, ‘वनस्नान’, ‘नेचर हीलिंग’. इथपर्यंत ठीक होतं. आता पुढची पायरी आलीय. ‘तुम्हीही थेरपिस्ट बना! शनिवार-रविवार निवासी कोर्स, सर्टिफिकेटसह.’ तो झाला की लगेच ‘ॲडव्हान्स्ड लेव्हल’. तीसुद्धा एका शनिवार-रविवारी उरकते. सोमवारी माणूस ऑफिसला आणि पुढच्या शनिवारी दहा अनोळखी लोकांच्या मनावर उपचार करायला मोकळा.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, मानसोपचारतज्ज्ञ नाही. पंधरा-सोळा वर्षं डोंगरात ग्रुप घेऊन जातोय, एवढीच माझी ओळख. आणि माझा विरोध जंगलात जायला अजिबात नाही. उलट जितके जास्त लोक जातील तितकं बरं. माझा आक्षेप आहे तो ‘थेरपी’ हा शब्द भाजीवर कोथिंबीर भुरभुरावी तसा कुठेही टाकण्याला.

एक गोंधळ आधी दूर करू. ‘निसर्गोपचार’ म्हटलं की आपल्याला उरुळीकांचन आठवतं. १९४६ साली गांधीजी तिथे आले, आश्रम सुरू झाला, पुढे मणिभाई देसाईंनी तो उभा केला. मातीची पट्टी, कटिस्नान, आहार, उपवास. ती वेगळी पद्धत आहे आणि तिची साडेपाच वर्षांची रीतसर पदवीही आहे. मी बोलतोय ते दुसऱ्या गोष्टीबद्दल. ताण, नैराश्य, दुःख, व्यसन अशा त्रासात असलेल्या माणसाला जंगलात, बागेत, शेतात नेऊन, तिथल्या अनुभवातून त्याच्या मनावर काम करायचं. जपानच्या वनखात्याने १९८२ मध्ये ‘शिनरिन-योकू’ म्हणजे वनस्नान हा शब्द रूढ केला. दक्षिण कोरियाने त्याच्याही पुढे जाऊन ‘वन-उपचार मार्गदर्शक’ असा सरकारी प्रमाणपत्राचा रीतसर पेशाच तयार केला. त्याच्या दोन श्रेणी आहेत, पात्रता ठरलेली आहे, तासांचं प्रशिक्षण ठरलेलं आहे आणि शेवटी परीक्षा आहे. इंग्लंडमध्ये २०२१ पासून सात भागांत सरकारने ‘हिरवं प्रिस्क्रिप्शन’ करून पाहिलं. आरोग्य यंत्रणेतूनच माणसाला बागकामाच्या, चालण्याच्या गटाकडे पाठवायचं.

म्हणजे हे सगळं थोतांड आहे असं समजू नका. १९८४ साली रॉजर उलरिच या संशोधकाचा एक छोटासा अभ्यास ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलात पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या पेशंटच्या २३ जोड्या. एकाच्या खिडकीतून झाडं दिसत, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे सरासरी थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनाशामक औषधंही कमी तीव्रतेची लागली. २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या जवळजवळ २० हजार लोकांच्या माहितीवरून असं दिसलं, की आठवड्याला दोन तास तरी निसर्गात घालवणारे लोक स्वतःची तब्येत आणि मनःस्थिती चांगली असल्याचं जास्त प्रमाणात सांगतात.

पण हे आकडे जाहिरातीत छापणारे पुढचं वाक्य गाळतात. दुसऱ्या अभ्यासातून एवढंच कळतं की दोन गोष्टी सोबत दिसतात. ज्याची तब्येत मुळात बरी आहे तोच बाहेर जास्त पडत असेल, अशीही शक्यता उरते. आणि दोन्ही अभ्यासांत कुणी कुणावर ‘थेरपी’ केलेली नाही. खिडकीतलं झाड बघणं आणि एखाद्या खचलेल्या माणसाच्या जुन्या जखमेला हात घालणं, यात फरक आहे की नाही?

आता एक प्रसंग सांगतो. कुठला कॅम्प, कुणाचा, हे विचारू नका. सांगणार नाही. माणूस ओळखू येईल असा एकही तपशील देणार नाही.

एका ‘हीलिंग कॅम्प’ला वाट दाखवायला आणि तंबू लावायला आम्हाला बोलावलं होतं. बारा-चौदा लोक. संध्याकाळी गोल करून बसवलं आणि डोळे मिटायला लावून प्रत्येकाला ‘तुमचं सगळ्यात मोठं दुःख झाडाला सांगा’ असं सांगितलं. एकजण ढसाढसा रडायला लागला. मार्गदर्शक बाई म्हणाल्या, ‘छान, छान, वाहू द्या.’ आणि पुढच्या माणसाकडे वळल्या. दुपारीच त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, ‘दोन दिवस गोळ्या-बिळ्या बाजूला ठेवा, निसर्गावर विश्वास ठेवा.’ या गृहस्थांच्या गोळ्या मनाच्या होत्या. त्यांनी विश्वास ठेवला.

रात्री अडीच-तीनला त्यांच्या तंबूची चेन उघडी दिसली. माणूस नाही. गावातली दोन पोरं, मी आणि बॅटऱ्या. धरणाच्या काठावर सापडले, चप्पल नाही, थंडीने कुडकुडत बसलेले. काय विचार करत होते ते मी विचारलं नाही आणि आजही मला विचारायचं नाहीय. गावातल्या एका काकांनी घोंगडी दिली, काटक्या पेटवल्या आणि उजाडेपर्यंत शेजारी बसून राहिले. एक शब्द बोलले नाहीत. सकाळी घरच्यांना फोन केला, ते येऊन घेऊन गेले.

संध्याकाळी मार्गदर्शक बाईंनी ग्रुपवर फोटो टाकला: ‘इतकं खोल हीलिंग आजवर पाहिलं नव्हतं.’ फोटोत ते गृहस्थही होते. डोळे सुजलेले.

त्या बाई वाईट नव्हत्या हो. मनापासून करत होत्या. पण मनाच्या काही गोळ्या एकदम बंद केल्या तर एक-दोन दिवसांतच झोप उडते, चक्कर येते, जीव घाबरा होतो, हे त्यांना माहीत नव्हतं. रडणारा माणूस मोकळा होतोय की कोसळतोय, हे ओळखायला कुणी शिकवलं नव्हतं. कोसळलाच तर कुणाला फोन करायचा, हे ठरलेलं नव्हतं. आणि त्यांच्याकडे ‘ॲडव्हान्स्ड’ सर्टिफिकेट होतं.

हे आपल्याकडेच घडतं असं नाही. अमेरिकेत बिघडलेल्या पोरांना रानावनात नेऊन सुधारायचा मोठा धंदा आहे. २००७ मध्ये तिथल्या संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने मुलांच्या अशा कार्यक्रमांतल्या १० मृत्यूंची तपासणी केली. कारणं काय निघाली? प्रशिक्षण नसलेले कर्मचारी, पुरेसं खायला न देणं, बेफिकीर कारभार. त्यानंतरही २०२४ च्या फेब्रुवारीत नॉर्थ कॅरोलायनात अशाच एका कॅम्पमध्ये १२ वर्षांचा मुलगा पहिल्याच रात्री गेला. मग राज्याने त्या कॅम्पचा परवाना रद्द केला. लक्षात घ्या, तिथे रद्द करायला परवाना तरी होता.

आपल्याकडे काय आहे? २०२१ मध्ये राज्य सरकारने साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. ट्रेकिंग, कॅम्पिंग, पॅराग्लायडिंग चालवणाऱ्यांनी नोंदणी करावी, सुरक्षेचे नियम पाळावेत, असं त्यात आहे. पण हे लोक म्हणतात, ‘आम्ही साहस करत नाही, हळूहळू चालतो.’ बरं, मग आरोग्य? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मानसोपचारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मनोरुग्णसेवेतल्या नर्स, सोशल वर्कर यांची व्याख्या आहे. त्यावर उत्तर येतं, ‘आम्ही पेशंट बघतच नाही, पार्टिसिपंट बघतो.’ २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्यात समुपदेशकांसारख्यांचा विचार झालाय, पण तो कायदा नीट लागू करा म्हणून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सरकारांना सांगावं लागलं. राहिलं वनखातं. त्यांच्या लेखी तुम्ही पावती फाडलेले पर्यटक.

म्हणजे पर्यटन, आरोग्य आणि वन या तिन्ही खात्यांच्या मधल्या बांधावर हे सगळं चाललंय. बांध कुणाचाच नसतो आणि भांडण मात्र सगळ्यांचं होतं, हे गावाकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

मग करायचं काय? बंदी? अजिबात नाही. मला हवंय ते खरं, पुढच्या टप्प्याचं प्रशिक्षण.

डोंगरातल्यांना एक उदाहरण लगेच पटेल. उत्तरकाशीच्या नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनिअरिंगचा बेसिक कोर्स २८ दिवसांचा. त्यात ‘ए’ ग्रेड मिळाली तरच ॲडव्हान्स कोर्सला अर्ज करता येतो. पैसे भरायची तयारी आहे म्हणून कुणी घेत नाही. दोरावर दुसऱ्याचा जीव असतो, म्हणून हे कडक. इथेही दोरावर दुसऱ्याचा जीवच असतो, फक्त दोर दिसत नाही.

आणि कुणी म्हणेल की मनात कळकळ असली की पुरतं, तर बाबा आमट्यांचं बघा. वकिली सोडलेला माणूस, कुष्ठरोग्यांसाठी आयुष्य द्यायला निघालेला. कळकळ त्यांच्याइतकी कुणाची? तरी १९४९ मध्ये ते कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचं शिक्षण घ्यायला गेले. आनंदवनात माणसं मातीत राबून उभी राहिली, हे जगाला दिसलं. त्याआधीचा तो अभ्यास मात्र आपण विसरतो.

माझ्या मते या ‘ॲडव्हान्स्ड’ शिक्षणात निदान एवढं तरी हवं:

एक, कुणाला न्यायचं नाही हे ओळखणं. सुरुवातीलाच नीट विचारपूस. फिट येतात का, दमा आहे का, कुठली औषधं चालू आहेत. लिथियम घेणाऱ्या माणसाला उन्हात चालवून घाम गाळला आणि पाणी कमी पडलं, तर रक्तातलं लिथियम धोकादायक वाढू शकतं. मनाच्या इतरही काही औषधांमुळे शरीराला उष्णता झेपत नाही. हे ज्याला माहीत नाही त्याने एप्रिलमध्ये कुणाला ‘मौन चालणं’ करायला नेऊ नये. आणि कुणाचीही गोळी बंद करायचा अधिकार फक्त ती लिहून देणाऱ्या डॉक्टरला, हे पहिल्या दिवशी फळ्यावर लिहावं.

दोन, थांबता येणं. जखम उकरणं सोपं असतं, शिवणं अवघड. आत्महत्येचे विचार आहेत का हे सरळ शब्दांत कसं विचारायचं, उत्तर ‘हो’ आलं तर पुढे काय, कुणाच्या हवाली करायचं, याचा सराव हवा. आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एक अनुभवी तज्ज्ञ हवा, ज्याच्याशी दर महिन्याला केसेसवर बोलता येईल. दोन वर्षं अशा देखरेखीखाली काम, मगच स्वतंत्र.

तीन, भिंती नसलेल्या जागेतली गुप्तता. क्लिनिकला दार असतं. देवराईत मागून गुराखी येतो, पुढून ट्रेकर. कुणी काय सांगितलं, कुणाचा फोटो काढला, तो कुठे गेला, याचे नियम हवेत. रडणाऱ्या माणसाचा फोटो जाहिरातीत वापरणाऱ्याचं प्रमाणपत्र त्याच दिवशी जायला हवं.

चार, रान ओळखणं. आग्या मोहोळ कुठे आहे, अत्तर आणि धूर घेऊन त्याखाली का बसायचं नाही, घोणस आणि धामण यात फरक काय, कुठल्या आरोग्य केंद्रात सापाची लस आहे, रेंज कुठपर्यंत आहे, १०८ ची गाडी कुठवर येते. ओढ्याला वरून पाणी कधी येतं. ३० जून २०२४ ला भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, ते पाणी काही मिनिटांत वाढलं होतं. ‘वाहत्या पाण्यात बसून दुःख सोडा’ असल्या कल्पना पावसाळ्यात राबवणाऱ्यांनी तो व्हिडिओ आठवावा.

पाच, जंगल कुणाचं हे माहीत असणं. आहुप्यासारख्या ठिकाणच्या देवराया शेकडो माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या काडीही न उचलता राखल्यात. तिथे योगा मॅट टाकून बसण्याआधी गावाला विचारावं लागतं. देवाची जागा आहे, तुमचा स्टुडिओ नाही.

हे शिकवणार कोण? सगळं आपल्याच राज्यात आहे हो. नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. कुंडलला वनखात्याची प्रशिक्षण अकादमी आहे. पुणे, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, जिथे शिकाऊ माणसाला खरा आजार कसा दिसतो ते कळेल. समाजकार्याची कॉलेजं आहेत. या सगळ्यांनी मिळून एक वर्षाचा अर्धवेळ अभ्यासक्रम बनवायला कुठलं रॉकेट लागत नाही. एका टेबलावर बसावं लागतं, तेवढंच अवघड आहे.

आता माझ्यावर येणारे आक्षेप मला माहीत आहेत.

पहिला: ‘झाडाखाली बसायलाही आता लायसन लागणार का?’ नाही. बसा. मित्रांना घेऊन बसा. पैसे घेऊन लोकांना पक्षी दाखवा, पानांचा वास घ्यायला लावा, तासभर गप्प बसवा. त्याला फेरफटका म्हणा, वनविहार म्हणा. पण ‘थेरपी’ म्हणालात, नैराश्य-चिंता-व्यसन यावर उपाय म्हणून पैसे घेतलेत, की जबाबदारी आलीच. लायसन त्या शब्दाला हवं, चालण्याला नको.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो माझ्या गावाकडच्या मित्रांनीच घेतलाय. ‘एकदा डिग्री आली की सगळं शहरातल्या इंग्रजी बोलणाऱ्यांच्या हातात जाणार. आम्ही नेहमीसारखे चहा करायला आणि सामान वाहायला.’ ही भीती खरी आहे. ट्रेकिंगमध्ये आपण हेच पाहिलंय. पुण्याची कंपनी माणशी हजारो घेते, गावातल्या वाटाड्याला पाचशे टेकवते.

म्हणून प्रशिक्षणाला दोन दारं हवीत. एका दारातून समुपदेशक, नर्स, सोशल वर्कर येतील आणि रान शिकतील. दुसऱ्या दारातून वाटाडे, वनसमितीतले, महादेव कोळी-ठाकर-कातकरी वस्त्यांतली पोरंपोरी येतील आणि माणसाच्या मनाची प्राथमिक ओळख शिकतील. शिक्षण मराठीत, फी सरकारने किंवा वनसमितीच्या निधीतून, दहावीची अट शिथिल. आणि नियम असा की कुठलाही गट या दोघांच्या जोडीशिवाय जंगलात जाणार नाही. मानधन कराराने, लेखी. त्या रात्री धरणावर ज्यांनी घोंगडी टाकली त्या काकांकडे काहीतरी होतं, जे कुठल्याही कोर्समध्ये मिळत नाही. पण ‘या माणसाला आत्ता दवाखान्यात न्यायला हवं’ हे ठरवायचं ओझंही त्यांच्या एकट्यावर टाकणं अन्याय आहे.

तिसरा आक्षेप: ‘राज्यात मानसोपचारतज्ज्ञच पुरेसे नाहीत, मग जे मिळतंय ते का अडवता?’ तज्ज्ञ कमी आहेत म्हणूनच तर. तालुक्याला एक धड माणूस नाही, अशा ठिकाणी अर्धवट उपचाराने कोसळलेला पेशंट सावरायला जाणार कुठे? आणि नीट शिकलेली दहा माणसं तालुक्यात असली, तर शेतकऱ्याच्या विधवेपासून स्पर्धा परीक्षेत सहा वर्षं घालवलेल्या पोरापर्यंत किती जणांना कमी खर्चात आधार मिळेल, विचार करा. हा उपाय रिसॉर्टवाल्यांच्या ताब्यात सोडायला फार मोलाचा आहे.

हे सगळं व्हायला वेळ लागेल. तोवर तुमच्यापैकी कुणी अशा कॅम्पला जाणार असाल, किंवा घरच्यांना पाठवणार असाल, तर पैसे भरायच्या आधी पाच प्रश्न विचारा:

– तुमचं शिक्षण काय, किती तासांचं, कुणाच्या देखरेखीखाली?
– माझी औषधं, आजार यांची माहिती तुम्ही आधी घेणार का?
– रात्री कुणाची तब्येत किंवा मन बिघडलं तर कुठला डॉक्टर, कुठला दवाखाना, गाडी कुणाची?
– स्थानिक माणूस सोबत आहे का, आणि गावाची व वनखात्याची परवानगी आहे का?
– माझे फोटो आणि माझं बोलणं कुठे जाणार?

‘पॉझिटिव्ह राहा, असे प्रश्न विचारू नका’ असं उत्तर आलं, तर पैसे खिशात ठेवा आणि घराजवळच्या टेकडीवर जा. फुकट आहे. तळजाई आहे, वेताळ टेकडी आहे.

होमस्टेवाल्या मित्रांनो, तुम्हालाही सांगणं आहे. जागा देताना हेच प्रश्न तुम्हीही विचारा. काही झालं तर बुकिंग घेणारा पुण्या-मुंबईला असतो, पंचनामा तुमच्या अंगणात होतो. आपल्या ग्रामपंचायतींनी, वनसमित्यांनी ग्रामसभेत साधा ठराव केला की ‘उपचार’ म्हणून येणाऱ्या गटाने ही माहिती लेखी द्यावी, तरी निम्मं काम होईल. मुंबईच्या जीआरची वाट बघायची गरज नाही. ठरावाचा कच्चा मसुदा मी करतोय. कुणाला हवा असेल तर इनबॉक्स करा. वकील, नर्स, समुपदेशक मित्रांनी त्यातल्या चुका काढल्या तर उपकार होतील.

आणि वाचणाऱ्यांपैकी कुणाला स्वतःलाच त्रास होत असेल, तर कॅम्पची वाट बघू नका. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. गोळ्या चालू असतील तर चालू ठेवा. रानात जायचंच असेल तर गोळ्यांची पुडी बरोबर घेऊन जा. झाडांना काही हरकत नसते.

असहमत असाल तर कमेंटमध्ये जरूर लिहा. फक्त कॅम्पचं नाव ओळखायचा खेळ खेळू नका, त्या गृहस्थांना त्याचा त्रास होईल.